खदानवस्तीच्या शाळेची पहिली घंटा

तारामतीला काळजी करायला निमित्त लागत नसे. निमित्त मिळालं तर बरंच, नाही मिळालं तर ती घरातल्या घरात तयार करून घ्यायची. अर्धापूरच्या केळीवाल्या शेतकऱ्याची ती मुलगी. वैशाखात वावटळ सुटली की वडिलांच्या आधी ही सात वर्षांची पोर दारात येऊन उभी राहायची, कारण उभी बाग एका रात्रीत आडवी होते हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं लग्न होऊन भोकरला आली, जिल्हा परिषदेची शिक्षिका झाली, पण दारात उभं राहायची सवय काही गेली नाही. घराबाहेर पडताना ती गॅसची शेगडी तीनदा पाहायची. नवरा बजरंग, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा थंड डोक्याचा माणूस, तिला म्हणायचा, "एकदा शेजाऱ्यांचाबी गॅस बघून ये, म्हणजे तुझ्या जीवाला शांती." ती एकदा खरोखरच जाऊन बघून आली होती.

अशा बाईला कुठली शाळा मिळावी? तर सुरुंगांच्या मधली.

भोकरपासून पंधरा किलोमीटरवर दगडाच्या चार खदानी आहेत, दोन क्रशर आहेत आणि त्यांच्या मधोमध ऐंशी झोपड्यांची खदानवस्ती. कागदावर तिचं नाव वेगळं असेल, पण विचारायला गेलात तर कुणाला सांगता यायचं नाही. माणसं किनवटकडची, देगलूरकडची, थोडी तेलंगणातली. ज्याला दगड फोडता येतो तो इथला. गावातली शाळा तीन किलोमीटर दूर आणि वाटेत हमरस्ता, त्यावर गिट्टीनं भरलेले टिप्पर सुसाट. त्यामुळं वस्तीतलं एकही मूल शाळेत जात नव्हतं. सात वर्षांपूर्वी कुणीतरी मनावर घेऊन मोजणी केली, शाळेच्या वयाची एकवीस मुलं निघाली आणि खदानवस्तीला शाळा मंजूर झाली. शिक्षक एक, वर्ग चार, इमारत नाही.

केंद्रप्रमुख पहिल्याच दिवशी सांगून गेले, "मॅडम, वीसच्या खाली पट गेला की शाळा बंद. मग मुलांची नावं गावातल्या शाळेत." गावातल्या शाळेत नावं जाणार, मुलं जाणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि तिलाही. म्हणजे एकवीसमधलं फक्त एक मूल वरकड होतं. तारामतीनं त्याच दिवसापासून मुलं मोजायला सुरुवात केली. सकाळी मोजायची, खिचडीच्या आधी मोजायची, खिचडीनंतर मोजायची, आणि मध्येच कुणी शू करायला गेलं की पुन्हा मोजायची.

जागा दिली लिंबाजीनं. खदानीला लागून त्याचं वावर होतं. वावरातल्या पत्र्याच्या शेडमधला कडबा आणि कांदे त्यानं बाहेर काढले आणि म्हणाला, "बसवा लेकरं. कांद्याचा वास जरा राहील, पण अभ्यासाला वासाची काय अडचण?" वास पुढं चार महिने राहिला.

खरी अडचण होती आयांची. खदानीतली बाई मूल नजरेआड होऊ देत नाही. रोज दुपारी एक वाजता सुरुंगाचे बार उडतात, त्या वेळी आपलं मूल कुठं आहे हे आईला माहीत हवं, एवढं एकच शिक्षण तिथल्या बायांना पक्कं. दगड फोडताना मूल पाठीमागं सावलीला बसलेलं असतं ते त्यासाठी. तारामती ऐंशीच्या ऐंशी झोपड्या फिरली. शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगून पाहिलं, बायांनी ऐकून घेतलं आणि हातोडा उचलला. शेवटी ती म्हणाली, "एकच्या आधी तुमचं लेकरू माझ्या डोळ्यासमोर असंल. एक बी कमी न्हाई. हा माझा शब्द." त्या शब्दावर एकवीस मुलं आली. शब्द देऊन बसल्यावर तिला कळलं, की आता रोज बारा वाजल्यापासून आपण दारातून हलणार नाही.

बारांचा कारभार गुंडप्पाकडं होता. उदगीरकडचा पन्नाशीचा मुकादम, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग आणि त्याच्याच शेजारी लोंबणारी शिट्टी. शिट्टीचे तीन लांब सूर झाले की सगळ्यांनी आडोशाला जायचं. बार उडाले, गुंडप्पानं भोकं तपासली, की पुन्हा एक सूर, आणि कामं चालू. शाळेतली मुलं शिट्टीवर आपोआप भिंतीला टेकून बसत, डोक्यावर पाट्या धरत. पत्रे थरथरत, वरून धूळ पडे. मुलं त्या धुळीत बोटानं अक्षरं काढत आणि तारामती दारात उभी राहून देवाचं नाव घेई.

पहिले सहा आठवडे असे गेले. मग एक कुटुंब मुकाट्यानं किनवटकडं उठून गेलं आणि पट झाला वीस. आता वरकड कुणीच उरलं नाही. तारामतीची झोप उडाली. रोज सकाळी वस्तीच्या वळणावर आली की आधी झोपड्यांवर कुणी सामान बांधतंय का ते ती पाहायची. आठवडाभर हे चाललं आणि एका सोमवारी सरजाबाई नावाची म्हातारी सहा वर्षांच्या नातीचा हात धरून दारात उभी राहिली. देगलूरच्या पलीकडच्या ग्रॅनाइटच्या खदानीतून ते कुटुंब परवाच आलं होतं. आईबाप ड्रिलवर, म्हातारी गिट्टी भरायला.

"अक्षरा नाव हाय हिचं," सरजाबाई म्हणाली. "बोलत न्हाई लई. पण सांगितलेलं ऐकते. एकदा सांगितलं की ऐकते."

तारामतीला इतका आनंद झाला की तिनं त्या पोरीला जवळ घेऊन गूळ दिला. एकविसावी! पोरगी खरंच बोलत नव्हती. मोठमोठ्या डोळ्यांनी नुसती सगळीकडं बघत बसायची आणि जे सांगितलं ते करायची.

त्याच आठवड्यात केंद्रप्रमुख येऊन गेले. सगळं पाहून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, घंटा नाही? घंटा नसली तर शाळा वाटत नाही हो." हे वाक्य लिंबाजीच्या मनाला लागलं. शेड त्याचं, म्हणजे अब्रूही त्याची. किनवटच्या रेल्वे स्टेशनाजवळ त्याचा साडू राहत होता. त्याच्याकडून त्यानं जुन्या रुळाचा हातभर तुकडा आणला आणि शुक्रवारी सकाळी शेडच्या दारातल्या लिंबाच्या फांदीला साखळीनं टांगला. वर झेंडूचा हार, खाली फोडलेला नारळ.

"वाजवा म्याडम," तो म्हणाला. "वस्तीला कळू द्या शाळा हाय म्हणून."

तारामतीनं हातोडीनं घाव घातला. आवाज असा काही घुमला की ती स्वतःच हसायला लागली. मग मुलं ऐकतात होय! प्रत्येकाला वाजवायची होती. ढकलाढकली, आरडाओरडा, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात हातोडी. पाच मिनिटं तो रूळ घणघणत होता. लिंबाजी टाळ्या वाजवत होता. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा तारामती पाच मिनिटं काळजी करायची विसरली, आणि त्या पाच मिनिटांसाठी तिनं आजवर स्वतःला बोल लावला आहे.

मुलं आत बसली तेव्हा पावणेअकरा झाले होते. तिनं मोजली. वीस.

पुन्हा मोजली. वीस.

"अक्षरा कुठंय?"

कुणाला माहीत नव्हतं. नव्या पोरीकडं कुणाचं लक्ष असतं? शेडच्या मागं नव्हती. कडब्याच्या गंजीत नव्हती. लिंबाजी विहिरीत डोकावून आला. तारामती वस्तीकडं धावली, झोपडीला बाहेरून कडी. हाका मारत ती परत आली, आणि येताना तिला ते दिसलं ज्याच्याकडं बघायचं तिनं इतका वेळ टाळलं होतं. लिंबाजीच्या बांधाच्या पलीकडं जुनी बंद पडलेली खदान होती. पावसाचं पाणी भरून हिरवी झालेली. खोली किती, कुणी मोजली नव्हती.

 रडत बसायला वेळ नव्हता. ती तशीच गुंडप्पाकडं गेली आणि सगळं सांगितलं.

"अय्यो," गुंडप्पा म्हणाला आणि घड्याळाकडं पाहिलं. त्याच्या मागच्या कड्यात बावीस भोकं दारू भरून तयार होती. "दारू भरल्यालं हाय म्याडम. पोरगी सापडंपर्यंत म्या हात लावत न्हाई. पण वर बघा." वर आभाळ भरून येत होतं. किनवटच्या बाजूला बारीक गुरगुर चालू होती. वीज जवळ पडली तर भरलेले बार आपणहून उडू शकतात, हे खदानीतलं शेंबडं पोरही जाणतं. तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

गुंडप्पानं दोन्ही क्रशर बंद करायला लावले. खदानवस्तीत दिवसाढवळ्या एवढी शांतता कुणी ऐकली नव्हती. त्या शांततेनंच बाया घाबरल्या. क्रशर बंद म्हणजे कुणीतरी गेलं, एवढाच त्याचा अर्थ. हातातलं टाकून त्या शाळेकडं पळत आल्या, आपापलं मूल छातीशी धरलं आणि काही न बोलता घरी घेऊन गेल्या. तारामती बघत राहिली. वीसची बारा झाली, बाराची सात. एकीनं जाता जाता म्हटलंच, "डोळ्यासमोर ठिवते म्हणला व्हतात." खरं होतं ते.

पुरुष चहूकडं पांगले. टिप्परच्या खाली पाहिलं, गिट्टीच्या ढिगांमागं पाहिलं, कड्यावर चढून पाहिलं. दोघांनी जुन्या खदानीच्या पाण्यात लोखंडी गळ टाकला. गळ वर ओढताना प्रत्येक वेळी तारामती डोळे मिटून घेई आणि प्रत्येक वेळी चिखल निघाला की तिला रडू येई. सगळीकडून एकच हाक चालू होती, "अक्षरा! ए अक्षरा!" ड्रिलवरून पळत आलेली तिची आई तर शेडच्या चारी बाजूंनी फिरून घसा फाटेस्तोवर ओरडत होती. शांतता एवढी, की ती हाक पार हमरस्त्यापर्यंत जात असेल. उत्तर नाही.

सव्वाबारा वाजले. गुरगुर जवळ आली.

सरजाबाई त्या दिवशी लांबच्या खदानीत गिट्टी भरायला गेली होती. निरोप मिळायला उशीर झाला. ती आली तेव्हा तारामतीनं मनाची तयारी केली होती. म्हातारी मारेल, शिव्या देईल, केस ओढेल. ओढले असते तर बरं वाटलं असतं. पण सरजाबाई समोर येऊन उभी राहिली, दम घेतला आणि एवढंच विचारलं, "गायब व्हायच्या आधी काय करून राहिली व्हती बिड्डा, माझी पोर?"

"काही नाही हो आजी. सगळे मजेत होते. नवी घंटा टांगली, मुलांनी वाजवली, आत बसले तर ही नाही."

"कशाची घंटा?"

तारामतीनं फांदीकडं बोट दाखवलं. झेंडूचा हार अजून ताजा होता. सरजाबाई रुळाकडं बघत राहिली.

"घाईघाईनं वाजवली का? घण घण घण?"

"हो. सगळ्यांनीच वाजवली."

"मग दुसरी वाजवली का?"

"दुसरी कुठली?"

म्हातारीनं कपाळावर हात मारला आणि मटकन खाली बसली. पण ती रडत नव्हती. तिला हायसं वाटलं होतं. बसल्या बसल्या तिनं जे सांगितलं ते ऐकून गुंडप्पासुद्धा मान खाली घालून उभा राहिला. ग्रॅनाइटच्या त्या खदानीत शिट्टी नसते. तिथं झाडाला रूळ टांगलेला असतो. तो घाईनं घणघणला की बार उडणार. मग जिथं असाल तिथून पळायचं, सापडेल त्या भोकात शिरायचं आणि गप बसायचं. बार उडाले, सगळं तपासून झालं, की दुसरी घंटा. सावकाश, मोजून तीन टोले. ते तीन टोले ऐकल्याशिवाय हलायचं नाही.

"पण आम्ही दोन तास हाका मारून राहिलो आजी! तिची आई..."

"आईनं हाक मारली तरी यायचं न्हाई, असंच शिकवलंय तिला," सरजाबाई म्हणाली. "तीन सालामागं एका बाईनं लेकराला हाक मारली. बार झाले असं वाटलं तिला. लेकरू पळत आलं. एक बार मागं राहिला व्हता."

अक्षराची आई तोंडावर पदर दाबून उभी होती. हाका मारताना तिला यातलं काही आठवलं नव्हतं. घंटा वाजली तेव्हा ती ड्रिलवर होती, तिथं कानाशी तोफ उडाली तरी ऐकू येत नाही. शाळेत घंटा झाली हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तारामतीला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

सरजाबाई उठली. हातोडी तिनं स्वतः घेतली. सगळ्यांना तिनं हातानं गप राहायची खूण केली आणि पहिला टोला दिला. आवाज विरेपर्यंत थांबली. दुसरा दिला. पुन्हा थांबली. तिसरा टोला.

शेडपासून चाळीस पावलांवर टिप्परच्या वाटेखालून पाणी जायला सिमेंटचा पाइप टाकलेला होता. दोन तास माणसं त्याच्यावरून जा-ये करत होती. एकानं वाकून आत पाहिलंही होतं, पण आत गाळाचा ढीग होता आणि पोरगी त्याच्या पलीकडं, आभाळाची गुरगुर बारांची समजून, श्वास रोखून पडलेली. तिसरा टोला विरला आणि पाइपाच्या तोंडाशी आधी दोन हात दिसले, मग चिखलानं माखलेलं डोकं.

आई धावली. पण अक्षरा तिच्याकडं गेली नाही. आईच्या हातातून सुटून ती सरळ शाळेच्या दारात आली. आत सात मुलं उरली होती. पोरीनं त्यांच्याकडं पाहिलं, रिकाम्या सतरंजीकडं पाहिलं आणि तारामतीकडं वळून, आठवडाभरात पहिल्यांदा, स्पष्ट आवाजात विचारलं, "बाकीचे मेले का?"

तारामतीनं तिच्या तोंडावरचा चिखल पदरानं पुसला.

"म्या वराडले लपा म्हणून. कुणीच लपलं न्हाई. समदे उभेच व्हते. तुमीबी." बोलता बोलता तिचा ओठ थरथरायला लागला. "किती मेले म्याडम?"

तारामती तिथंच तिच्यासमोर खाली बसली आणि लहान मुलासारखी रडली. आपण या पोरीची दोन तास काळजी केली, आणि ही सहा वर्षांची पोर त्या अंधाऱ्या पाइपात दोन तास आपल्या सगळ्यांची करत होती. "कुणी न्हाई गं," ती म्हणत राहिली, "कुणी न्हाई मेलं, समदे घरी गेलेत." अक्षराचा विश्वास बसेना. मग सरजाबाई तिला कडेवर घेऊन घरोघरी फिरली आणि तेरा मुलं दाखवून आणली, तेव्हा कुठं ती पोरगी आईच्या कुशीत शिरली. एक वाजून दहा मिनिटांनी गुंडप्पानं शिट्टी वाजवली आणि बार उडवले. वीज नंतर पडली, लांब कुठंतरी.

शनिवारी सकाळी तारामती वस्तीच्या वळणावर आली तेव्हा कुणी सामान बांधत नव्हतं. पण शाळेच्या वाटेवरही कुणी नव्हतं. साडेसातला शेडमध्ये एकही मूल नाही. ती दारात उभी राहिली. आठ वाजता सरजाबाई आणि अक्षरा आल्या. एकवीसमधली एक. तारामतीला तर तीही येईल असं वाटलं नव्हतं.

"चला," ती म्हणाली. हजेरी उघडलीच नाही. अक्षराकडून दोन्ही घंटांचे टोले शिकून घेतले आणि तिला घेऊन ती पुन्हा झोपड्या फिरायला निघाली. या वेळी तिनं शिक्षणाचं महत्त्व सांगितलं नाही आणि शब्दही दिला नाही. प्रत्येक दारात तिनं एकच विचारलं, "तुमच्या खदानीत बार उडायच्या आधी काय वाजतं? लेकराला काय शिकवलंय?" बाया एकेक करून सांगायला लागल्या. कुठं शिट्टी, कुठं रूळ, कुठं रिकामा डबा, कुठं लाल फडकं नुसतं. एका घरात तर मुलाला शिकवलं होतं की कुत्री पळाली की आपण पळायचं. तारामती सगळं ऐकून घेत होती, परत म्हणून दाखवत होती, चुकलं तर बाया दुरुस्त करत होत्या.

कालची ती बाई, जाता जाता बोललेली, दार अडवून उभी होती. तिची दोन मुलं तिच्या मागं. "म्याडम, तुमाला काय बी ठाव न्हाई इथलं," ती म्हणाली. "कुणाच्या भरोशावर धाडू?"

तारामतीनं होकाराची मान हलवली. खोटं बोलायची तिला सोय नव्हती.

तेवढ्यात तिचा हात धरून उभी असलेली अक्षरा पुढं झाली. "धाडा," ती त्या बाईला म्हणाली. "आता येतंय त्यांना. म्या शिकवलंय."

बाईनं पोरीकडं पाहिलं, तारामतीकडं पाहिलं आणि दारातून बाजूला झाली.